फिरत्या दवाखान्यातील साखळी

बोरखेडची सकाळ सावकाश येत असे. प्रथम काळ्या वावरांच्या कडेवर एक करडी रेघ उमटे. ती रेघ आहे की नुसता भास, हे ठरविण्यातच बराच वेळ जाई. मग त्या रेघेत ताकासारखा पांढुरका उजेड मिसळे आणि एकेक वस्तू आपापली जागा घेऊन उभी राही: आधी शाळेचे कौलारू छप्पर, मग बाभळीचे झाड, मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि सर्वांत शेवटी, वाट चुकलेला हत्ती गावात येऊन बसावा तशी, मैदानातली ती निळी मोटार. उजेडाला कसलीही घाई नसे. विहिरीच्या काठावरच्या पांढऱ्या थरावर तो टेकला की क्षणभर वाटे, येथे दंव गोठले आहे. पण ते मीठ असे. विहिरीचे पाणीच तसे होते. शाळेच्या ओट्यावर सतरंजीत गुंडाळलेला नारायण हे सारे अर्धे डोळे मिटून पाहत असे, आणि दरवेळी त्याच्या मनात एकच विचार येई: इतक्या शांत प्रकाशात जगातली कोणतीही वस्तू बिघडलेली असू शकत नाही.

तेवढ्यात मोटारीच्या मागच्या खोलीतून साखळीचा खडखडाट ऐकू येई. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा रागाने! आणि पाठोपाठ डॉक्टर चारुशीलाबाईंचा आवाज येई:

"नारायण! तुमचा धबधबा आजही आटलेला आहे!"

'धबधबा' हा शब्द नारायणाचाच. अमरावतीच्या एका धर्मादाय मंडळाने लष्कराची जुनी लॉरी घेऊन तिचा फिरता दवाखाना करायचे ठरविले, आणि ते काम अकोल्याच्या उत्तमरावांच्या कारखान्याकडे आले, तेव्हा हा बावीस वर्षांचा नकाशे काढणारा मुलगा, ज्याला घड्याळात किती वाजले हे विचारतानाही घाम फुटे, एकाएकी उभा राहून म्हणाला होता, "मुंबईच्या मोठ्या हॉटेलात असतो तसा फ्लशचा संडास मी ह्या मोटारीत बसवीन. साखळी ओढली की धबधबा!"

ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत लांब भाषण होते. उत्तमराव म्हणाले, "चालला तर तू कायम. नाही चालला तर अमरावतीला जायचं आणि बापाशेजारी बसून घंटा वाजवायची."

बाप म्हणजे मोरोपंत. तीन देवळांची पूजा त्यांच्याकडे होती, आणि चौथे देऊळ मुलासाठी राखून ठेवलेले होते. नारायणाने त्यांना पत्रातून 'जलव्यवस्थेचे काम पाहतो' एवढेच कळविले होते. त्या जलाचे पुढे काय होते, ह्याबद्दल पत्र मौन पाळून होते.

चारुशीलाबाई ह्या फिरत्या नोकरीवर आल्या त्याही एकाच अटीवर: संडास मोटारीतला, स्वतंत्र आणि चालू पाहिजे. म्हणून मंडळाचे चिटणीस भगवंतराव वकील रविवारी येऊन स्वतः साखळी ओढून पाहणार होते. तोवर नारायणाने मोटारीबरोबर राहायचे होते. मोटार सोमवारी बोरखेडला लागली. मंगळवारी पहिला खडखडाट झाला!

"काल रात्रीही हेच," चारुशीलाबाई म्हणाल्या. "म्हटलं, वाटेत हादरे बसले असतील. बादलीनं भागवलं."

"हादरेच!" नारायण घाईने म्हणाला. त्या वाक्यातला तेवढा एकच शब्द त्याने ऐकला होता.

त्याने मोटारीच्या टपावरच्या टाकीपासून खालच्या भांड्यापर्यंतची सारी यंत्रणा सोडविली आणि तिचे सुटे भाग एका धोतरावर ओळीने मांडले. ते दृश्य एखाद्या श्राद्धासारखे दिसू लागले, आणि श्राद्धाला माणसे जमावीत तसे गाव जमले. सर्वांत पुढे जानराव. जानरावांचे चाळीस एकर वावर होते, पण त्या आठवड्यात ते वावराकडे फिरकले म्हणून नाहीत.

"हे काय होय?"

"झडप."

"हे?"

"झडपेचा वायसर. चामड्याचा. हा आखडलेला दिसतो."

"चामडं पायजे काय?" जानरावांनी पायातली वहाण काढून पुढे केली. "घ्या. कापा. गावाच्या कामाले येते तं येऊ द्या."

नारायणाने वहाणेच्या पट्ट्यातून वायसर कापला. बुधवारी सकाळी पुन्हा खडखडाट! पुन्हा धोतर, पुन्हा गाव. दुसऱ्या वहाणेतून दुसरा वायसर निघाला.

"पण काहो," जानराव अनवाणी पाय हलवीत म्हणाले, "टाकीत पाणी हाय काय, ते पाह्यलं?"

नारायणाला हा प्रश्न अपमानास्पद वाटला. ड्रायव्हर बुधाजी रोज संध्याकाळी मोटार आठ मैलांवर, पातूरच्या वाटेवरल्या एका मळ्यातल्या गोड्या विहिरीवर नेई आणि दोनशे गॅलन भरून आणी. "टाकी माझ्या डोळ्यांदेखत भरली आहे, जानराव. ते पाहण्याचे कारणच नाही."

"मंग आता साखळी ओढून पाहा नं."

"एवढे गोडे पाणी नुसत्या चाचणीत वाया घालवायचे? हे मला प्रशस्त वाटत नाही."

"हे बाकी खरं बोलले," जानराव सर्वांकडे वळून म्हणाले. "पोट्टा शिकेल हाय, पण इचारी हाय."

त्याच दिवशी नारायणाला मोटारीखालच्या नळाशी ओली माती दिसली. टाकी धुण्यासाठी तो नळ त्यानेच ठेवला होता. त्याचे हृदय आनंदाने उचंबळले: गळती! ओल्या मातीत चाळीस-पन्नास पावलांचे ठसे होते, पण दवाखाना म्हटला की पावले आलीच. सांधे बुजवायचा सफेदा आणि सूत घेऊन तो मोटारीखाली शिरला आणि संध्याकाळपर्यंत त्या नळाचा एकेक सांधा असा बांधला, की त्यातून मुंगीनेही परवानगी काढून जावे.

गुरुवारी सकाळी पार्वताबाई म्हातारी मोटारीजवळून जाता जाता थांबली. तिच्या तोंडावर सुरकुत्यांचे जाळे होते आणि त्या जाळ्यात हसू अडकले होते.

"बापू, लय सुदरवलं तुमी. आता कशी सरळ धार पडते! पयले इकडून तिकडून गळे, अर्धं मातीत जाये."

नारायणाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. जगात कोणीतरी त्याच्या कामाची धार पाहिली होती! म्हातारीने ती कोठे पाहिली, हे विचारण्याइतके भान त्याला उरले नाही. तो धावतच चारुशीलाबाईंकडे गेला. समोर तीस रोगी, कोणाचा खोकला, कोणाच्या मुतखड्याच्या कळा. आणि हा संकोची मुलगा सर्वांच्या देखत ओरडला, "बाई! चालू झाला!"

बाई उठल्या. रोगी उठले. कळा येणारा माणूसही पोट धरून उठला. चारुशीलाबाईंनी आत जाऊन साखळी ओढली.

खड. खड. खड.

"नारायण," त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमची प्रकृती बरी आहे ना? जीभ दाखवा."

त्या दिवशी गावाने जे हसून घेतले, ते गेल्या दोन दुष्काळांत साठलेले होते. नारायण पऱ्हाट्यांच्या ढिगामागे जाऊन बसला. चौथ्या देवळाची घंटा त्याला स्पष्ट ऐकू येऊ लागली. आपल्या हातून ह्या जगात एकही गोष्ट वाहती होणार नाही, असे त्याला वाटले, आणि ते वाटणे इतके खोल होते की त्याला जेवणाचीही आठवण झाली नाही.

शुक्रवारी त्या करड्या रेघेच्याही आधी त्याला जाग आली. बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. मोटारीमागे बायकांची रांग होती. डोक्यावर घागरी, तोंडात शब्द नाही. नळाशी बुधाजी बसलेला, आणि त्याच्या हाताखालून सरळ, सुरेख धार पडत होती!

"बुधाजी!"

घागरी थबकल्या. बुधाजी उठून उभा राहिला. "साहेब, आता काय सांगू तुमाले... माया सख्ख्या मावशीचं गाव हाय हे."

पार्वताबाई पुढे आली. "त्याले नको बोलू, बापू. आमीच म्हटलं त्याले."

"पण आजी, हे पाणी संडासाचे आहे!"

"संडासाचं पाणी खाली जाते, बापू. वर तं गोडंच हाय नं?" म्हातारीने घागर खाली ठेवली. "आमची विहीर पाह्यली तुवा? तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही. मायी सून बाळंतीण हाय. पयलं लेकरू गेल्या उन्हाळ्यात हगवणीनं गेलं. डाक्तरीणबाई म्हणते, आईले चांगलं पाणी पाजा. चांगलं पाणी कुठून आणू? आठ मैलावून? चार दिस झाले, पोरगी गोडं पेऊन राहिली, तं लेकरू रडत नाही."

नारायणाला त्या बाळंतिणीबद्दल वाईट वाटले. फार वाईट वाटले. परंतु त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक निर्लज्ज आनंद हळूच पिसारा फुलवीत होता: टाकी रिकामी होती! झडप निर्दोष, वायसर निर्दोष, नकाशा निर्दोष! जानरावांच्या वहाणा व्यर्थ गेल्या होत्या, पण नारायण व्यर्थ नव्हता.

"कोणाले सांगशीन काय?" म्हातारीने विचारले.

त्या क्षणी त्याला आपल्या आयुष्याचा अर्थ सापडल्यासारखे झाले. सांगितले, तर टाकीला कुलूप लागेल. न सांगितले, तर दोष त्याच्या माथी आणि चौथे देऊळ नशिबी. "नाही सांगणार," तो म्हणाला. पार्वताबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. शनिवारी आणि रविवारी पहाटे तो मुद्दाम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, म्हणजे आपण काही पाहिले नाही असे शपथेवर सांगता यावे. साखळी शनिवारीही खडखडली. त्याने ती एखाद्या हुतात्म्याच्या शांतपणाने ऐकली.

रविवारी भगवंतराव वकील जीपमधून उतरले. नारायणाने त्यांना दारातच अडविले.

"साहेब, साखळी ओढण्याचे श्रम घेऊ नका. दोष माझ्या रचनेत आहे. सर्वस्वी माझ्या."

"पुराव्यावाचून कबुलीजबाब घेत नाही मी," वकील म्हणाले आणि आत गेले. खडखडाट झाला. पाणी आले नाही. बाहेर येऊन हात झटकीत ते म्हणाले, "खटला संपला. पण बाई, तुमची अट होती. आता तुम्ही परत येणार?"

"छे!" चारुशीलाबाई म्हणाल्या. "सहा दिवस बादलीनं भागवलं, सहा महिने भागवीन. टाकीचं पाणी बाळंतिणींना देऊ. तेवढा हा मुलगा मात्र परत पाठवा. बरा आहे, पण दिवसभर पाने-हातोड्या आपटतो!"

इतक्या सहज सारे मिटले, की नारायणाचा त्याग कोणाच्या पायांखाली गेला हेही कळले नाही. वकिलांनी उत्तमरावांसाठी दिलेली चिठ्ठी खिशात घालून तो बाळापूरला जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत फाट्यावर बसला. मन उदास होते, पण ती उदासी सुंदर होती. जगाला न कळलेला मोठेपणा, असे काहीतरी तो स्वतःशी जुळवीत होता. एवढ्यात पार्वताबाई धापा टाकीत आली.

"बापू, आमचं कुठी चुकलं?"

"तुमचे? काहीच नाही, आजी."

"तुयी परीक्षा होती म्हणून आमी कालपासून एकीनंही घागर नाही लावली. दोन दिस खारंच पेलो. सुनेलेही खारंच पाजलं. बुधाजीनं आज सकाळी टपावर चढून पाह्यलं, टाकी काठोकाठ." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "मंग पाणी काहून नाही आलं?"

नारायण उठून मोटार येते का, ते रस्त्याकडे पाहू लागला.

फ्लश चालतच नव्हता. तो अकोल्याच्या कारखान्यातही एकदाही चालला नव्हता. शेवटच्या संध्याकाळी नारायणाने दार आतून लावून घेऊन भांड्यात बादलीभर पाणी ओतले होते आणि बाहेर येऊन उत्तमरावांना "चालतो" असे सांगितले होते.