एकाहत्तर वर्षांचं पद

निमखेड तालुक्यात पक्षाच्या अध्यक्षपदाचं वय एकाहत्तर होतं. पदभाराच्या कागदावर सही केली की माणूस तिथल्या तिथे एकाहत्तर वर्षांचा होई, आणि पद सोडलं की ज्या वयात आला होता त्या वयाला परत जाई. पक्षाच्या घटनेत तशी तरतूद होती.

भुजंगराव इंगोले पस्तिसाव्या वर्षी अध्यक्ष झाले, त्याला अठरा वर्षं होऊन गेली. दर तीन वर्षांनी निवडणूक लागे आणि दुसरा कोणी अर्जच भरत नसे. बायको निर्मला तेव्हा बत्तीसची होती, ती पन्नाशीला आली. भुजंगराव आपले एकाहत्तरच्या जागीच.

यंदा युवा आघाडीने पत्रक काढलं, की म्हातारं नेतृत्व खुर्चीला चिकटून बसलं आहे. पदाचं वय चाळीसवर आणावं, असा अर्जही प्रदेश कार्यालयाला केला. उत्तर आलं : 'पदाचे वय कमी करता येत नाही. इच्छुकाने आपले वाढवावे.' आघाडी आठवडाभर गप्प होती. मग तिची प्रमुख रेवती धुळगंडे, वय अठ्ठावीस, हिने अर्ज भरला.

भुजंगरावांनी तिला कार्यालयात बोलावून घेतलं.

"गुडघे जातात," ते म्हणाले. "डाव्या कानाने कमी ऐकू येतं. भाजलेलं कणीस बंद."

"माहीत आहे, नाना."

"आईला विचारलंस?"

"दोन दिवस बोलली नाही. मग तिने तिची चष्म्याची डबी माझ्या पिशवीत टाकली."

"मग कशासाठी हे सगळं?"

"बाजार समितीतली युती मोडायचीय. सहा वर्षं तुम्ही व्यापाऱ्यांच्या पॅनलबरोबर बसलात. मोडायला सही अध्यक्षाचीच लागते."

"पक्ष टिकावा म्हणून बसलो."

"टिकला ना. पण हमाल आता आपल्या सभेला येत नाहीत."

भुजंगरावांना राग यायला हवा होता. पण अठरा वर्षांत त्या टेबलापलीकडे बसून कोणी हे पद मागितलं नव्हतं. शिव्या पुष्कळांनी दिल्या होत्या, मागितलं कोणीच नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"तुझं चुकतंय असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण सूचक म्हणून सही मी करतो."

विरोधात कोणी नव्हतंच. सोमवारी सकाळी अकराला पदभार झाला. चिटणीस गवारे यांनी दोघांचे वयाचे दाखले तपासले आणि कागद पुढे सरकवला. सही करताच रेवतीचे केस पांढरे झाले; तिने टेबलाची कड धरली आणि सावकाश बसली. भुजंगरावांच्या पाठीतली कळ गेली. 'पदग्रहण सुरळीत,' असं गवाऱ्यांनी लिहिलं.

लगेच युती मोडण्याचा ठराव आला. हाच ठराव रेवतीने दोन वर्षं मांडला होता, आणि जुन्या सभासदांनी तिला दर वेळी खाली बसवलं होतं. आता ते हात बांधून ऐकत होते. वडीलधाऱ्या बाई सांगतायत म्हणजे विचार केलेलाच असणार, असं एक जण म्हणाला. भुजंगराव तेवढे उठले आणि सात मिनिटं, मध्ये एकदाही दम न खाता, विरोधात बोलले.

"तरुण सहकाऱ्याच्या भावना मी समजू शकते," रेवतीताई म्हणाल्या आणि ठराव मताला टाकला. विरोधात एकच हात वर गेला.

हात खाली घेताना भुजंगरावांना हसू आलं. आपण हरलो, आणि इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. सभा संपल्यावर रेवतीताई जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या.

"नाना, आधी कोणता पाय टाकायचा?"

"जो जास्त दुखतो तो. कठडा सोडायचा नाही. खाली लोक खोळंबतात, त्यांना खोळंबू द्यायचं." त्यांनी हात पुढे केला. "या, मी आहे."

एकेक पायरी करत दोघं उतरले. खाली आल्यावर भुजंगराव वाकले आणि त्यांनी तिच्या पायांना हात लावला.

"नाना, हे काय."

"मी पस्तीसचा आहे, ताई. करू द्या मला."

 तिने कठड्यावरचा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. 

रस्त्यापलीकडे निर्मला स्कूटर घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"घरी ना?" त्यांनी विचारलं.

"लांबून. कालव्याच्या रस्त्याने," ती मागे बसत म्हणाली.