अप्पा नाक घेऊन पोर्तुगालला गेले

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की सेलूचे सरकी-पेंडीचे व्यापारी विश्वनाथअप्पा यांनी आमच्या परभणीच्या घरचा चहा गेल्या रविवारीही परत पाठवला आहे. कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. तो नाकापर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला आणि बशीत परत आला.

"मास्तर, पत्तीनं हवा खाल्लीय. डबा कुठं ठेवायलात? गॅसजवळ?"

डबा गॅसजवळच होता.

अप्पा माझे साडू. त्यांची बायको महानंदाअक्का आणि माझी बायको शैला या सख्ख्या बहिणी. मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो म्हणून त्यांच्यासाठी मास्तर. अप्पांचा सगळा धंदा नाकावर चालतो. सरकीचं तेल काढल्यावर जी पेंड उरते ती जनावरांच्या खुराकाला जाते. अप्पा तिचा तुकडा मोडतात, तळहातावर चुरतात, दोन्ही हात एकमेकांवर घासतात, ओंजळ करून तीत नाक घालतात आणि डोळे मिटतात. मग निकाल लागतो. खवट, दमट, बुरशीकडे निघालेला, किंवा नुसताच "हवा खाल्लेला माल". प्रयोगशाळेचा कागद दोन दिवसांनी येतो आणि तेच सांगतो.

दुकानापुरतं असतं तर मी तक्रार केली नसती. पण गंगाखेडला एका लग्नात हे गृहस्थ आचाऱ्याच्या मांडवात शिरले आणि कढईवर वाकून म्हणाले, "तेल काल तापवलेलं हाय ओ." आचाऱ्यानं झारा खाली ठेवला आणि तो चालू लागला. नवरीचे वडील त्याच्या मागे पळाले. आम्ही चार वाजता जेवलो. पालमच्या एसटीत ते मधेच उठून कंडक्टरला म्हणाले, "मागच्या चाकापाशी जळकं यायलंय." कंडक्टरनं ऐकलं नाही, तेव्हा अप्पा रस्त्यात उतरायला निघाले. शेवटी गाडी थांबवली. चाक खरंच तापलेलं होतं. दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही पन्नास माणसं बाभळीखाली बसून राहिलो आणि अप्पांकडे रागानं बघत राहिलो. या माणसाचा सर्वात संतापजनक गुण हा, की तो बरोबर असतो.

आणि अशा माणसाच्या बायकोचा वास गेला.

तीन वर्षांपूर्वी अक्कांना ताप आला. ताप गेला, तो नाक घेऊन गेला. पलीकडच्या खोलीत बसून सुनेला "फोडणी उतरव आता" म्हणून सांगणारी बाई. तिला कापूर कळेना, की घासलेट कळेना. घराबाहेर हे कुणाला सांगायचं नाही असं तिनं बजावलं. सुगरण म्हणून सगळं सेलू तिला ओळखतं, त्यामुळे तिला लाज वाटे. आमच्यापुढे मात्र ती हसण्यावारी नेई. "देवाला वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नसतो बघा. बरं झालं, आता चुकायची भीतीच न्हाई."

नांदेडचे डॉक्टर म्हणाले, नाकाला तालीम द्या. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीचं तेल, सकाळ-संध्याकाळ हुंगायला लावा. अप्पांना तालीम म्हटल्यावर आखाडाच दिसला. पहाटे साडेपाचला अंघोळ, विभूती, लिंगपूजा आटोपून ते चार बाटल्या घेऊन अक्कांसमोर मांडी ठोकत.

"हुंग."

"येत न्हाई."

"परत हुंग."

"अहो, लवंग काय पळून चाललीय का? चहा तरी घेऊ द्या."

अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस अप्पांनी फोनवर पाहिलं, की पोर्तुगालची कुणी बाई वाइनच्या ग्लासात नाक घालून एकामागून एक बारा वास सांगते आहे. त्याच दिवशी ते परभणीला आले.

"मास्तर, ती काय दारू पीत न्हाई. हुंगती आन् थुंकती. तिथं नाकाची तालीम चालती. दारू नुसतं निमित्त हाय."

"अप्पा, तुमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा त्यात दारू नाही ना, हे हुंगून आणतात."

"प्यायची कुठं हाय? हुंगायचीय. तिकिटं काढा चौघांची. तिथलं इंग्रजी मला जमायचं न्हाई."

सेलूत अप्पांनी खरं कारण सांगितलं नाही. द्राक्षाच्या चोथ्याची पेंड होते का ते बघायला चाललोय, असं सांगितलं. गळ्यात लिंग असलेला, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस या वयात दारूचे कारखाने बघायला निघाला, म्हटल्यावर बाजारात कुणाला हसू आवरेना. शेजारचा दुकानदार म्हणाला, "अप्पा, येताना आमच्यासाठी दोन बाटल्या पेंड आणा." अप्पांनी मान डोलावली. अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही.

तर आम्ही पोर्तुगालला गेलो. दोरू नावाच्या नदीच्या काठानं डोंगरच्या डोंगर पायऱ्या पाडून द्राक्षांनी भरलेले. आमच्या सामानात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. विमानतळावर कुत्र्यानं आमची बॅग हुंगली, तेव्हा अप्पांनी त्याच्याकडे आपल्या धंद्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "शिकवलेलं हाय," ते म्हणाले.

आम्हाला फिरवणारी मुलगी इनेश, वय तिशीचं, इंग्रजी स्वच्छ. पहिल्याच कारखान्यात तिनं प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर वाइन ओतली आणि काय काय जाणवतं ते विचारलं. कुणी चेरी म्हणालं, कुणी व्हॅनिला. अप्पांनी ग्लास तळहातावर उपडा केला. दोन्ही हात खसाखसा घासले. शेजारच्या जर्मन गृहस्थांच्या पांढऱ्या पँटवर लाल ठिपके उडाले. मग ओंजळ, नाक, मिटलेले डोळे.

"मास्तर, लिहून घ्यायला सांगा तिला. पयलं भिजलेलं गोणपाट. त्याच्या मागं मळी, कारखान्याचं गाळप सुरू झाल्यावर गंगाखेडला येती तीच. आन् तळाला हिंगाची जुनी डबी."

पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून माझ्यावर ही वेळ आली. मळी आणि गोणपाट मी पार केलं. हिंगापाशी अडकलो. ते एका झाडाचा चीक आहे, त्याचा वास घाण असतो आणि म्हणून आम्ही तो रोज आमटीत घालतो, हे समजावताना मी घामाघूम झालो. इनेशनं सगळं वहीत टिपलं. मग आपल्या तळहातावर वाइन ओतून तिनंही हात घासले. पाठोपाठ सगळ्यांनी. जर्मन गृहस्थांनीसुद्धा.

अक्का तेवढ्यात थुंकायच्या भांड्याकडे बघत होत्या. "शैले, एवढं चांगलं पातेलं गं. आन् त्यात थुंकायलेत."

अप्पांनी दुसरा ग्लास त्यांच्यापुढे धरला. "हुंग."

अक्कांनी हुंगलं. "पाणी."

पुढे चार दिवस हेच. अप्पांचा लौकिक आमच्या आधी पुढच्या कारखान्यात पोचलेला असे. तिथं ते ओंजळीत नाक घालून सांगत: उन्हात वाळलेली वैरण, नव्या टायरचं दुकान, पावसात भिजून आलेली म्हैस. मी भाषांतर करी. लोक माना डोलावत. त्यानंतर ग्लास अक्कांकडे जाई आणि अक्का म्हणत, "पाणी." त्याचं भाषांतर मी करत नसे.

एका ठिकाणी वासांच्या चिमुकल्या बाटल्यांची अख्खी खोली होती. प्रवासी त्यातल्या चार-पाच उघडतात आणि पुढे जातात. अप्पांनी दाराजवळच्या पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली. बाहेर बसवाला भोंगा वाजवत होता, मागे रांग खोळंबली होती, आणि हा माणूस बाटली उघडतोय, बायकोच्या नाकाशी धरतोय, बंद करतोय. शैलाला होडीत बसायचं होतं. चार दिवस आम्ही नदी फक्त बसच्या काचेतून पाहिली होती. शेवटी मी तडकलो.

"अप्पा, पुरे आता. लोक ताटकळलेत. अक्कांनाही त्रास होतोय, दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी हातातलं झाकण नीट लावलं.

"मास्तर, हवा खाल्लेला माल कुणी लगेच फेकत न्हाई. उन्हात घालून बघतात." आणि पुढची बाटली उचलली.

शेवटच्या दिवशीचा मळा एका म्हाताऱ्या मालकाचा होता. त्याच्या कानावर अप्पांची कीर्ती गेलेली. त्यानं लांबलचक टेबल मांडलं होतं, वीसेक माणसं बोलावली होती आणि अप्पांच्या जन्माआधीचं लाकडी पिंप उघडलं होतं. अप्पांना मानाची खुर्ची, शेजारी अक्का. लोकांनी फोन वर धरले. म्हाताऱ्यानं स्वतः उठून अप्पांच्या तळहातावर चार थेंब ओतले.

तेवढ्यात इनेशला वाटलं, बिचारी बाई चार दिवस गप्प आहे, आज मान तिला द्यावा. कौतुकानं ती म्हणाली, आधी मॅडमना विचारा. मी काही करू शकलो नाही. मी भाषांतर केलं.

अक्कांनी ग्लास उचलला. हुंगलं. पुन्हा हुंगलं, डोळे मिटून, पहाटेच्या तालमीसारखं. वीस माणसं हसऱ्या चेहऱ्यांनी वाट बघत होती.

"मला काईच येत न्हाई ओ," अक्का हळूच म्हणाल्या.

मी इंग्रजीत तेवढंच सांगितलं. त्यांना तो विनोद वाटला. दोघं-तिघं मोकळेपणानं हसले, टाळ्याही वाजल्या. अक्कांनी ग्लास खाली ठेवला, पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

आता सगळे अप्पांकडे वळले. अप्पांनी हात घासले. ओंजळ केली. नाक आत घातलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं: हंगामातला पहिला ताजा माल दुकानात उतरतो तेव्हा त्यांच्या नाकपुड्या थरथरतात, तशा थरथरल्या. एवढ्या वर्षांत असं काही त्यांच्या ओंजळीत आलं नसावं. ते बराच वेळ तसेच राहिले. मग डोळे उघडून त्यांनी बाजूला पाहिलं. पदराआड अक्कांचं फक्त नाक दिसत होतं.

अप्पांनी दोन्ही तळहात आपल्या पांढऱ्या सदऱ्याला पुसले.

"मास्तर, सांगा त्यांना. मला बी काई येत न्हाई."

"काय?"

"वास येत न्हाई म्हणून सांगा. मला बी."

मी सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्यानं घाईघाईनं आपलाच ग्लास हुंगून पाहिला. फोन एकेक करून खाली आले. अप्पा सदऱ्यावरच्या लाल डागांकडे बघत बसले.

आणि मग, जी गोष्ट तीन वर्षं घराबाहेर जाऊ दिली नव्हती, ती अक्कांनी पदर मागे सारून, उभं राहून, त्या म्हाताऱ्याला थेट सेलूच्या मराठीत खणखणीत सांगितली:

"ऐकू नका ह्यांचं. खोटं बोलायलेत. मला वास येत न्हाई, तर तीन वर्षं माझं करपलेलं वरण 'लय फस्टक्लास' म्हणून असंच तोंड करून खायलेत."