आठ सूचनांचा भात

घरगुती उपकरणांच्या कारखान्यात आपला लेखक बारा वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होता. इस्त्री कशी धरावी, मिक्सर कसा पुसावा हे त्याने हजारो घरांना शिकवलं. स्वतःच्या घरात त्याला फक्त पंख्याचं बटण ठाऊक होतं. साध्या राइस कुकरचा पुरेपूर उपयोग कसा करावा, याच्या आठ सूचनाही त्याने खुर्चीतून न उठता लिहिल्या. त्या इतक्या ठणकावून लिहिल्या होत्या की नव्या मॅनेजर मॅडमना शंका आली.

"तुम्ही स्वतः करता का हो यात भात?"

"म्हणजे काय, मॅडम. हातचा मळ आहे."

"मग रविवारी जेवायला येते. भात जमला तर पुस्तिका छापू. बिघडला तर तुम्ही गोदामात, खोकी लावायला."

रविवारी बायकोने बाकीचं सगळं रांधलं आणि ती स्टूल ओढून बसली. "भात तुमचा. मी बोट लावायची नाही."

मापाचा कप सापडेना. कप काय नि मग काय, असं म्हणून लेखकाने चहाच्या मोठ्या मगाने चार मापं तांदूळ घातले आणि पाणी मात्र भांड्यातल्या चारच्या रेघेपर्यंत ओतलं. त्याचीच पहिली सूचना होती, 'रेघा सोबतच्या कपाच्या हिशोबाने असतात. दुसरं माप वापरू नये.'

खटका वर उडाल्याबरोबर त्याने झाकण उघडलं. पाचवी सूचना होती, 'दहा मिनिटं झाकणाला हात लावू नये.' दाणे टणक होते. त्याने तांब्याभर पाणी ओतलं, पण तापलेल्या कुकरचा खटका खाली राहीना. दाबला की वर, दाबला की वर. शेवटी त्याने त्यावर चिकटपट्टी मारली. सातव्या सूचनेत काय लिहिलं होतं, ते सांगायलाही लाज वाटते.

"धूर येतोय," बायको म्हणाली.

"वाफ जिरतेय."

"वाफ काळी नसते हो."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनीच डाव घालून पाहिला. वर कच्चा, मध्ये खळ, तळाशी कोळसा.

"पुस्तिका वाचली नाहीत का?"

"मॅडम, मीच लिहिलीय."

"ते माहीत आहे. वाचलीत का?"

लेखक भांडं घासायला लागला. बायकोने कपडे धुण्याच्या पावडरीच्या डब्यातून मापाचा कप काढून स्वच्छ धुतला. "तुम्हीच टाकलात यात. म्हणालात, कशाला लागतोय." मॅडम एकेक सूचना वाचत गेल्या आणि लेखक तसतसं करत गेला. या वेळी झाकण उघडलं तर दाणा न् दाणा मोकळा.

"अरे, हे खरंच होतं की," तो म्हणाला. त्याला अगदी भरून आलं.

"सूचना चोख आहेत," मॅडम म्हणाल्या. "सुचल्या कुठून?"

उत्तर बायकोने वाढता वाढता दिलं. "मी दहा वर्षं ओट्याशी हेच बडबडतेय. हे पेपरात डोकं घालून बसलेले. मला वाटायचं, यांना ऐकूच येत नाही."

मॅडम शब्दाच्या पक्क्या. दुसरा भात जमला म्हणून पुस्तिका छापली, बायकोच्या नावाने. पहिला बिघडला म्हणून लेखक गोदामात गेला. तिथे तशी शांतता असते. ही गोष्ट मी तिथेच बसून लिहिली.