झाकणाचा फोटो

आंबिवलीच्या चांगदेव केणे यांच्या बंगल्यातल्या सेप्टिक टाकीने अकरा वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती. त्यामुळे ती उपसून घेण्याचा विषय घरात कधी निघाला नाही. गुरुवारी सकाळी मात्र फ्लश ओढताच पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं. रविवारी लेकीचा, संचिताचा साखरपुडा. साठ माणसं यायची होती. चांगदेव टाकी उपसायची गाडी मागायला निघाले.

वॉर्ड ऑफिसात रसिका मॅडमनी भलताच उत्साह दाखवला. "काका, उद्या सकाळी गाडी पाठवते. अर्जाला फक्त झाकणाचा फोटो जोडा. झाकण दिसल्याशिवाय टाकी आहे असं आम्हाला धरता येत नाही."

इतक्या चटकन काम होतंय म्हणून चांगदेव खूश झाले. घरी येऊन त्यांनी मोबाईल काढला आणि अंगणभर झाकण शोधू लागले.

"ते देवघराखाली आहे," हेमाताई शांतपणे नवऱ्याला म्हणाल्या. "मागची जागा तुम्हीच घरात घेतलीत. मिस्त्री विचारत होता, तर म्हणालात, टाक फरशी, कोण बघतंय."

साखरपुड्याच्या तोंडावर देव हलवायचे कसे? शिवाय फरशी फोडली तर फोटोत वाढीव बांधकामही यायचं, आणि ते थेट मॅडमच्या टेबलावर जायचं. चांगदेवांनी शेजारीपाजारी चौकशी केली. गल्लीतल्या एकाही बंगल्याचं झाकण सापडेना. कुणाच्या झाकणावर जिम होती, कुणाच्या झाकणावर भाडेकरू.

शुक्रवारी ते पुन्हा ऑफिसात गेले. "मॅडम, झाकण नाही."

"मग टाकी पण नाही. तसं लिहून द्या, विषय संपला."

त्यांनी लिहून दिलं. मॅडमनी तिथल्या तिथे दाखला दिला: 'सदर घरात सेप्टिक टाकी अस्तित्वात नसल्याने ती तुंबण्याचा प्रश्न उद्भवत नाही.' चांगदेवांनी तो फ्रेम करून बाथरूमच्या दाराशेजारी लावला. हेमाताईंनी त्याखाली उदबत्तीचे चार पुडे पेटवले.

रविवारी होणारे व्याही बाथरूमकडे गेले आणि नाकाला रुमाल लावून लगेच मागे फिरले. सोयरीक मोडली, असंच चांगदेवांना वाटलं. पण व्याही दाखल्यापुढे थांबले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चांगदेवांच्या कानाशी येऊन विचारलं, "हे कुठे भेटतं हो? आमच्या झाकणावर आम्ही सूनबाईंची बेडरूम काढलीय."

चांगदेवांना हायसं वाटलं. सूनबाई म्हणजे आपलीच संचिता, हे त्यांच्या लक्षात यायला जेवणं उरकावी लागली. पत्ता त्यांनी त्याआधीच देऊन टाकला होता.

तुम्हालाही दाखला हवा असेल तर खुशाल जा. त्याला झाकणाचा फोटो लागत नाही.