बी कुणी पेरलं?

नांदेडमध्ये नेटवर्कची रहस्यं उकलणारा एकच माणूस आहे आणि तो मी आहे. रामलिंग. पुण्यात सहा आठवड्यांचा कोर्स केल्यापासून माझी नजर तीक्ष्ण आणि मराठी शुद्ध झाली आहे. ‘बी’च्या जागी मी ‘सुद्धा’ म्हणतो. माझ्या आईला, गुणाबाईंना, ही पोटाची तक्रार वाटते.

प्रकरण घरचंच होतं. माझी बायको आरती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवते. तिची नांदेडची शाखा बंद झाली. साहेब म्हणाले, लातूरचा संगणक घरून चालवून दाखवा, आज पाचच्या आत. नाहीतर सोमवारपासून लातूरला खोली घ्या. मला आरतीशिवाय करमत नाही. हे तपासाच्या वहीत लिहिलेलं नाही, पण खरं आहे.

काम सोपं होतं. दोन्ही संगणकांच्या काळ्या पडद्यावर चार-चार आज्ञा टाइप करायच्या की मधे गुप्त बोगदा तयार. फक्त दोन्ही टोकांना एकच किल्ली हवी. ती लातूरच्या संगणकानं काढून दिली होती, बारा अक्षरांची. गुप्त गोष्ट लिहून पाठवायची नाही, असा माझा नियम. म्हणून तिथला संगणक सांभाळणाऱ्या जिलानीभाईंकडून ती फोनवर तोंडी घेतली. गुप्ततेसाठी दार लावलं होतं. स्पीकर मात्र चालू राहिला.

बोगदा चालेना. इकडून हाक जायची, तिकडून ओ यायची नाही.

“वाटेत अहमदपूरजवळ कुणीतरी अडवतंय,” मी म्हणालो.

“हाक काय एसटीनं चालली का?” आरतीनं विचारलं.

मग संशय जिलानीभाईंवर गेला. फोनवर ते फार शांत होते. निर्दोष माणूस इतका शांत नसतो. त्यानंतर उंदीर, विष्णुपुरी धरणाच्या पाण्याचा ओलावा आणि पुण्यातला माझा एक वर्गमित्र असे तिघे यादीत आले. साडेचार वाजले. आरतीनं कपाटावरची बॅग खाली काढली.

बॅग पुसता पुसता तिनं माझा कागद उचलला. “किल्ली बारा अक्षरांची ना? इथं पंधरा हायत.”

मी भिंग लावलं. तीन अक्षरं जादा, आणि तिन्ही इंग्रजी बी. माझे डोळे चमकले. “हे बी बाहेरून पेरलेत. बियाण्यांच्या धंद्यातलाच माणूस आहे.”

आई दाराबाहेर तूर निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“जिलानी काय म्हणाला? सात घ्या, चार बी घ्या, के घ्या, नऊ बी घ्या, दोन बी घ्या. मी इथून ऐकलं की. चार बी म्हंजे चार पण. तू बी लिहून ठेवलास व्हय रे?”

भिंग मी खिशात घातलं.

मी तिन्ही बी काढले. लातूरनं लगेच ओ दिली. पाचला दहा कमी असताना आरतीनं घरून पहिली नोंद केली आणि जिलानीभाईंचा फोन आला, “साहेब बी खूश, मी बी खूश.”

आरतीनं बॅग परत कपाटावर टाकली, चहा केला आणि पहिला कप आईला दिला.

“मला बी दे,” मी म्हणालो.