गोधडीत किती जण?

माझ्या सख्ख्या मुलीच्या गालावरचा नायटा मी ॲलर्जी समजलो आणि त्याला चुकीचं मलम लावत बसलो. मी एमबीबीएस आहे. लातुरात गंजगोलाईच्या मागं माझा दवाखाना आहे आणि पाटीवर 'लहान मुलांच्या त्वचारोगांवर खास उपचार' असं मीच रंगवून घेतलंय. रंगाऱ्यानं 'खास' तेवढं लाल रंगात काढलं. त्या दवाखान्यात खास म्हणावं असं तेवढंच.

ही चूक मी पोटात ठेवली असती. पण ती सुधारली डॉ. उत्तम सोनकांबळेनं, आणि त्या माणसाबद्दल माझ्या पोटात आधीच इतकं काही होतं की आणखी जागा नव्हती.

सोनकांबळे मूळचा देगलूरकडचा. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तो इथं आला. ऑफिसं नवी, साहेब नवे, पाट्या नव्या. नळ तेवढे जुने आणि तेही कोरडे. पावसानं पाठ फिरवलेली, गल्लीत टँकर आला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठायची. खोल्यांचे भाव वाढलेले. सोनकांबळेला मात्र भाव सांगायची वेळच यायची नाही. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. शेवटी त्यानं दवाखान्यासाठी जागा घेतली आणि तिच्याच मागच्या खोलीत बिऱ्हाड केलं. ती जागा नेमकी माझ्या दवाखान्यासमोर.

माझ्याकडे गादीच्या खुर्च्या होत्या, पंखा होता. त्याच्याकडे एक लाकडी बाक आणि उघडा ओटा. पोरांना तो ओट्यावरच तपासायचा. "कातडी उन्हात बघायची. बल्बाखाली सगळीच पिवळी दिसत्यात," असं त्याचं शास्त्र. त्यामुळं त्याची सगळी प्रॅक्टिस मला माझ्या खिडकीतून दिसायची. माणसानं किती सोसावं?

त्याची तऱ्हाच निराळी. पोरगं आलं की काय होतंय हे विचारायचंच नाही. आधी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घ्यायचे, कासार बांगडीचं माप घेतो तसे दाबून बघायचे, बोटांच्या बेचक्या उघडायच्या, मनगट फिरवायचं. हातमोजे नाहीत, काही नाही. मग आईकडं बघून ठरलेला प्रश्न: "गोधडीत किती जण?"

लोकांना आधी हा चावटपणा वाटायचा. पण खरूज गोधडीतून फिरते, आणि आंघोळीलाच पाणी नसलेल्या त्या दिवसांत ती घराघरांत शिरली होती. बाई सांगायची, "चार पोरं आन् त्यांची आजी." की हा म्हणायचा, "मग चारी आना, आजीला बी आना. एकट्याला औषध न्हाई." सगळ्या घरानं एकाच संध्याकाळी, मानेपासून तळपायापर्यंत, एकमेकांच्या पाठीला पांढरं औषध लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंही. कपडे-अंथरुणं उकळायची. कुणी पाण्याचं रडगाणं लावलं की म्हणायचा, "पानी नसंल तर गाठोडं बांधून आठ दिवस उन्हात टाका. ऊन कुनाच्या बापाचं न्हाई, टँकरनं येत न्हाई."

माझ्याकडं पेशंट यायचा. त्याच्याकडं वरात यायची. औशाहून जीप भरून, जळकोटहून यष्टीनं, देगलूरहून तेलुगू बोलणारी आख्खी घरं. "गज्जी?" असं तो खरजेचं तेलुगू नाव घेऊन विचारायचा आणि त्या बाया माहेरचं माणूस भेटल्यासारख्या हसायच्या.

एकदा नव्या कलेक्टरांनी टंचाईच्या बैठकीला आम्हा डॉक्टरांना बोलावलं. मी टाय लावून, चार ओळी पाठ करून गेलो. साहेब बोलता बोलता बोटांच्या बेचकीत खाजवत होते. सोनकांबळे उठला आणि म्हणाला, "साहेब, गोधडीत किती जण?" सभा गार पडली. साहेब हळूच म्हणाले, "चौघं. धाकटा गेल्याच महिन्यात वसतिगृहातून आलाय." दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप त्याच्या ओट्याला लागली. टाय मी अजून जपून ठेवलाय.

वयात आलेली पोरं तर त्याच्यावर फिदा. त्याचे स्वतःचे गाल टाकीच्या घावांनी खडबडीत केलेल्या जात्यासारखे. मुरुमांनी वैतागलेलं एक कॉलेजातलं पोरगं एकदा भावाच्या लग्नाआधी चेहरा साफ करून मागत होतं.

"तोंड किती खेपा धुतो?"

"धा-बारा खेपा, सर."

"गावाला प्यायला पानी न्हाई आन् तू तोंडावर शेती करायलास व्हय? दोनदा धू. फोडू नको. फोडून काय हुतंय ते हितं बघ." असं म्हणून त्यानं गाल पुढं केला. पोरगं पहिल्यांदा हसलं. माझ्याकडं आलेलं पोरगं कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना क्रीम द्यायचो.

जळून जळून शेवटी मी त्याला तोंडावर म्हणालो, "डॉक्टर, हातमोजे घालत जा. एखाद्या दिवशी तुम्हालाच होईल."

"हुतंय की अधूनमधून," तो म्हणाला. "लहानपणी आमच्या वस्तीवर डॉक्टर यायचे. जीपमधूनच बघायचे. काठीनं दाखवायचे, इथं लाव, तिथं लाव. औषध बरोबर असायचं त्यांचं."

मी नीट ऐकलं नाही. त्याच्या बाकावर किती माणसं बसलीत ते बघत होतो.

आणि मग नंदाच्या गालावर लाल चट्टा आला. नंदा माझी एकुलती एक, नववीत. मी चष्मा लावला, ॲलर्जी ठरवली आणि स्टेरॉईडचं मलम काढलं. रोज संध्याकाळी चिमट्यात कापूस धरून, अगदी शास्त्रशुद्ध, मी ते लावायचो. दोन-तीन दिवसांत लाली उतरली. मी बायकोला, सुलभाला म्हणालो, "बघितलंस?" मग तो चट्टा कडेनं फुटला आणि गोल गोल पसरत पार डोळ्याखाली गेला. मी आणखी कडक मलम काढलं. शाळेत नंदाच्या बाकावर कुणी बसेना. ती ओढणी तोंडावर घ्यायला लागली. एक दिवस दप्तर भरलं, परत रिकामं केलं आणि शाळेत जायचीच थांबली.

"आता समोर जाऊ," सुलभा म्हणाली.

"समोर म्हणजे?"

"रस्ता ओलांडून. फार लांब नाही."

"अगं, माझी पाटी आहे इथं."

"पाटीला काही झालेलं नाही. पोरीला झालंय."

दोघी गेल्या. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. सोनकांबळेनं नंदाला उन्हात बसवलं, ओढणी बाजूला केली आणि आख्खा तळवा तिच्या त्या गालावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. काहीतरी बोलत होता. नंदाही बोलत होती. घरात महिनाभर तिचं तोंड उघडलं नव्हतं.

सुलभा हुकूम घेऊन परतली. नायटा आहे. मलम आजपासून बंद, नवीन औषध सुरू. आणि उद्या आख्ख्या घरानं यायचं, मांजरासकट.

"कुठलं मांजर?"

गच्चीवर एक पिल्लू होतं. त्याच्या कानावरचे केस गेले होते. नंदा रोज त्याला गालाशी धरून बसायची. हे सुलभाला माहीत होतं, माझ्या आईला माहीत होतं, समोरच्याला दहा मिनिटांत कळलं. त्या घरात राहून मलाच पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी आमची वरात रस्ता ओलांडून गेली. पुढं नंदा, मग सुलभा, मग आई, आणि शेवटी हातात बाजाराची पिशवी घेऊन मी. पिशवी ओरडत होती. बाकावरची एक म्हातारी परवापर्यंत माझी पेशंट होती. ती म्हणाली, "डाक्टर, तुमाला बी हितंच यावं लागलं व्हय?"

"मांजराला दाखवायचंय," मी म्हणालो.

मांजराच्या कानाला सोनकांबळेनं औषध सांगितलं. मग मला पडद्याआड नेऊन म्हणाला, "शर्ट वर करा." पट्ट्याखाली कमरेवर माझाही चांगला रुपयाएवढा नायटा निघाला. त्याला मी इतके दिवस घाम म्हणत होतो. तो हसला नाही, हाच खरा त्याचा दुष्टपणा. चुकीच्या मलमांच्या ट्यूबा तो एका पत्र्याच्या डब्यात सगळ्यांसमोर खणकन टाकायचा. नंदाची ट्यूब त्यानं हातात घेतली, माझ्याकडं बघितलं आणि गुपचूप स्वतःच्या खिशात घातली.

गाल साफ झाला. नंदा शाळेत गेली. बाकावर मैत्रीण परत आली. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण पोर आरशासमोर गुणगुणायची तेव्हा मला त्या गालावर त्याचा तळवा दिसायचा.

त्यानंतर एका संध्याकाळी सोनकांबळे रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. पहिल्यांदाच. गादीच्या खुर्चीत टेकल्यासारखा बसला आणि पांढऱ्या औषधाची बाटली टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, एक काम हुतं."

त्यानं हात पुढं केले. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या. खरूज.

"बाकी सगळीकडं लावतो मी. पाठीला हात पुरत न्हाई."

अशी संधी आयुष्यात एकदाच येते. मी खुर्चीत मागं रेललो, घसा साफ केला आणि त्याच्याच सुरात विचारलं, "गोधडीत किती जण?"

तो हसला. "एकच," म्हणाला.

मी विचारलं, "मग आजवर काय करत होता?"

"काठीला फडकं बांधून लावायचो. नीट बसत न्हाई."

त्यानं शर्ट काढला आणि माझ्याकडं पाठ केली. माझा हात सवयीनं ट्रेमधल्या चिमट्याकडं गेला. चिमटा वाजला तशी ती पाठ जराशी आखडली. मी चिमटा खाली ठेवला, औषध तळहातावर ओतलं आणि मानेपासून कमरेपर्यंत लावलं. औषध झोंबतं, पण तो हलला नाही.  मग शर्ट घालत म्हणाला, "हात हलका हाय तुमचा."

मी तरंगतच घरी गेलो. जेवताना तीनदा सांगितलं. "कलेक्टर ज्याच्या दारात जातो त्यानं माझ्या हाताची तारीफ केली, समजलं का?"

नंदा भाकरी मोडत होती. तिनं वर बघितलं.

"त्यांना हातानं लावलं?"

"मग काय तर. आख्ख्या पाठीला."

"आणि मला चिमट्यानं," ती म्हणाली, आणि पिल्लाला भाकरी टाकायला उठून गेली.