अकरा मिनिटांची डबी

इलेक्ट्रिशियनने मेन स्विचवर हात ठेवून "बंद करतो हं," म्हटलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. पातेलं तसंच ओट्यावर टेकवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "जरा थांबा. डबीचं काय करायचं ते आधी ठरू दे."

इलेक्ट्रिशियनला वाटलं, जेवणाच्या डब्याची काहीतरी भानगड असेल. त्याने तिच्या नणंदेकडे पाहिलं. नणंदेने छताकडे पाहिलं.

डबी म्हणजे तिच्या नवऱ्याचा सायकलचा कॉम्प्युटर. काड्यापेटीहून थोडा मोठा, हँडलवर बसवायचा. आकाशातल्या उपग्रहांशी त्याचं बोलणं चालायचं. माणूस कुठून कुठे गेला, किती वेगाने गेला, कुठे चढ लागला, सगळं टिपून तो नकाशावर एक रेघ काढायचा. नवरा चाळीस वर्षं एका नकाशे छापणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. जन्मभर दुसऱ्यांचे रस्ते काढले, आता स्वतःचे काढतो, असं म्हणून निवृत्तीच्या दिवशी त्याने ही डबी विकत आणली. डबी गुणी होती, पण तिची बॅटरी म्हणजे शुद्ध फसवणूक होती. खोक्यावर पंधरा तास छापले होते. पहिल्या वर्षी सहा तास चालली, दुसऱ्या वर्षी तीन आणि शेवटी शेवटी तर तो फेरी अर्धी टाकून घामाघूम होऊन घरी यायचा, दारातूनच "प्लग, प्लग" असं ओरडायचा आणि बूट न काढता थेट ओट्यापर्यंत जायचा. तिच्या पुसलेल्या फरशीवर बुटांच्या चिखलाचे ठसे उमटत. "बॅटरी मेली की राइड गेली," हे त्याचं रोजचं वाक्य होतं. घरात ते सगळ्यांना पाठ होतं, नणंदेलासुद्धा.

दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी तो असाच आला, डबी प्लगला लावली, पाणी मागितलं आणि ती पेला घेऊन येईपर्यंत खुर्चीत बसल्याजागी गेला. राइड संपवल्याचं बटण दाबायचं राहूनच गेलं. तेव्हापासून डबीच्या पडद्यावर 'राइड थांबली आहे' एवढीच अक्षरं होती आणि डबी ओट्यावरच्या प्लगला होती. मिक्सर दोन महिने कपाटात पडून होता. वाटण पाट्यावर होत होतं.

तिने एकदा प्लग काढून घड्याळ लावून पाहिलं होतं. बॅटरी शंभरावरून एकावर यायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत तिचे हात इतके गार पडले, की परत प्लग लावताना तो भोकात जाईना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाची लाइन दुसऱ्याला जोडायला तीस वर्षं तिने बोर्डावर प्लगच्या दोऱ्या लावल्या होत्या. डोळे मिटून लावायची. या लाइनच्या दुसऱ्या टोकाला मात्र त्याची शेवटची राइड होती.

आता इस्त्रीच्या प्लगमधून ठिणग्या उडाल्या म्हणून नणंदेने इलेक्ट्रिशियन बोलावला होता. तो म्हणाला, सगळं वायरिंग जुनं झालंय, चारच्या आत वीज येणार नाही, आणि चालू लाइनवर मी हात घालणार नाही, मलाही घरी बायको आहे.

"शेजारी लाव ना," नणंद म्हणाली.

समोरच्या दाराला कुलूप, वरच्या मजल्याला कुलूप. सगळे नोकरीवर.

"वहिनी, अगं डबीच ती. माणूस नाही." बोलून गेल्यावर नणंदेनेच जीभ चावली आणि चार्जर गुंडाळून तिच्या पिशवीत टाकला. "जा. कोपऱ्यावर न्हाव्याकडे लाव. मी इथे बघते."

न्हाव्याचं दुकान चार मिनिटांवर होतं. ती पोचली तेव्हा पडद्यावर एकसष्ट टक्के होते. दुकानात प्लग एकच, आणि त्यावर न्हाव्याचं केस कापायचं मशीन. त्याखाली बसलेल्या गिऱ्हाइकाला अकरा वाजता एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. न्हाव्याने तिच्या हातातली डबी पाहिली आणि काही न विचारता मशीनचा प्लग काढला. उरलेले केस कात्रीने कापतो म्हणाला.

गिऱ्हाइकाने आरशातून विचारलं, की हे काय चार्ज होतंय. न्हावी त्याच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी बोलला. जरा वेळाने गिऱ्हाइकाने अगदी अदबीने एवढंच विचारलं, की उजवी बाजू डाव्याइतकी बारीक होईल का. न्हावी म्हणाला, प्रयत्न करतो. पण कात्रीने ते जमेना. उजवी बाजू दाट, डावी बारीक, असा तो माणूस आरशात स्वतःकडे बघत बसला. मुलाखत घेणाऱ्यांना एका बाजूनेच बसायला सांगावं लागेल, असं न्हावी म्हणाला, पण हसलं कुणीच नाही. तिलाच राहवेना. नवरा असता तर म्हणाला असता, की अगं, त्याच्या पोटावर पाय देतेस. तिने उठून स्वतःच प्लग काढला.

"अजून लावा की, काकू. काकांचं आहे."

"त्यांचं कापून घ्या आधी. त्यांना जायचंय."

घरी परत जाण्यात अर्थ नव्हता. पुढच्या चौकात दाताचा दवाखाना होता. तिथे बसायला खुर्च्या असतात आणि वेळही जातो, असा तिने हिशेब केला. सिग्नलपाशी थांबावं लागलं. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत डबी चौदावर आली.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?" तिने नकळत डबी पुढे केली आणि मग स्वतःचं नाव सांगितलं. नंबर सातवा होता. बसायच्या खोलीत माशांच्या टाकीमागे एक प्लग दिसला. त्याला काहीतरी लावलेलं होतं, पण एवढ्या घाईत कोण बघतो? तिने ते काढलं, डबी लावली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

पाच मिनिटांनी गाल सुजलेल्या एका बाईने तिच्या कोपराला हात लावला आणि टाकीकडे बोट दाखवलं. तिला बोलता येत नव्हतं. टाकीतले बुडबुडे बंद झाले होते आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दुखऱ्या दातांची सहा माणसं आणि बारा मासे, सगळ्यांचे आ वासलेले. काउंटरवरची मुलगी धावत आली. तिने डबीचा प्लग काढला आणि पंपाचा लावला. ती रागावली नाही, पण आता या टाकीला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावून गेली.

"आत डॉक्टरांकडे प्लग असेल?"

"आहे, पण आत फक्त पेशंट जातात."

डबीवर एकवीस होते. तिने आयुष्यात खोटं फार कमी वेळा सांगितलं होतं. "मग मला आधी पाठवा," ती म्हणाली. "सहन होत नाही."

सहा माणसांनी तिला पुढे जाऊ दिलं, याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

डॉक्टर तरुण होते. डबी त्यांनी दिव्याच्या प्लगला लावू दिली, मग तिला खुर्चीत आडवं केलं आणि तोंडात आरसा घातला. खालच्या दाढेवर टकटक केलं. ती जागची उडाली. दाढ खरंच किडलेली होती.

"कधीपासून दुखतंय?"

आरसा तोंडातच होता. तिने दोन बोटं वर केली.

"दोन दिवस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. आरसा काढल्यावर म्हणाली, "दोन महिने," आणि तिचे डोळे भरून आले. ते इतक्या दिवसांत कुणासमोर भरले नव्हते, नणंदेसमोरसुद्धा नाही. डॉक्टरांनी कापूस आणला, आधी दाढेखाली दिला, मग दुसरा बोळा डोळ्यांसाठी दिला.

"काकू, एवढं दुखणं अंगावर काढायचं नसतं," ते म्हणाले. "आधीच यायचं."

दाढेत मसाला भरायला दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. तोवर डबी सत्तरवर आली होती आणि बाहेर सहा माणसं वाट बघत होती. आता जायला एकच जागा उरली होती, आणि तिथेच तिला जायचं नव्हतं.

सायकलच्या दुकानातला दुरुस्तीवाला नवऱ्याच्या सकाळच्या सायकल-मंडळींपैकी. दिवसकार्याला आला होता तेव्हाच म्हणाला होता, "काकू, डबी आणून द्या, बॅटरी बदलून देतो." ती हो म्हणाली आणि गेली नाही. डबी उघडताना त्याचा हात चुकला तर? त्याचा आजवर कधी चुकला नव्हता, पण म्हणून काय झालं? ती झपाझप चालली. गुडघा कुरकुरत होता. प्रत्येक दुकानाच्या पाटीखाली ती पडदा बघत होती. चाळीस. सव्वीस. बाराला वळण आलं. चारला दुकानाचं शटर दिसलं. दुरुस्तीवाल्याच्या हातात तिने डबी ठेवली तेव्हा दोन होते. तो प्लग शोधायला वळला, आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

ती स्टुलावर बसली. दाढेखालचा कापूस तिने चावून चावून सपाट केला. "गेली," ती म्हणाली. "राइड गेली."

"कोण म्हणालं?"

"हेच म्हणायचे. रोज म्हणायचे."

दुरुस्तीवाल्याने डबीला चार्जर लावला आणि काउंटर पुसल्यासारखं करत, तिच्याकडे न बघता सांगितलं, की बॅटरी संपली तरी राइड जात नाही, डबी ती आपोआप जपून ठेवते. मी काकांना तीनदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, तुझा यंत्रावर विश्वास आहे, माझा नाही.

म्हणजे दोन महिने पाट्यावरचं वाटण, त्या माणसाची मुलाखत, बारा मासे, सगळं उगाचच. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने फक्त चपलेतला खडा काढून टाकला.

पडदा उजळला. राइड होती. दुरुस्तीवाल्याने काकांना स्वतःच काढून दिलेलं खातं उघडून ती मोठ्या पडद्यावर घेतली, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. नवऱ्याची रेघ घरून निघून तलावाला वळसा घालून घरी परत आली होती, ताठ आणि स्वच्छ, त्याच्या हातच्या नकाशासारखी. पण ती तिथे संपत नव्हती. घरापासून न्हाव्यापर्यंत, न्हाव्यापासून दाताच्या दवाखान्यापर्यंत आणि तिथून या काउंटरपर्यंत एक नागमोडी, रेंगाळलेली रेघ पुढे आली होती.

"राइड थांबली होती ना, संपली नव्हती," तो म्हणाला. "तुम्ही चालायला लागलात तशी डबीने पुढे मोजलं. हा तुकडा काढून टाकतो. काकांचा स्पीड पार खाली आलाय."

"काढू नका."

"मग संपवू ना? संपवल्याशिवाय ठेवता येत नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच दाबते. कुठलं?" त्याने बोट दाखवलं. तिने बटण दाबलं, आणि दुकानातल्या इंटरनेटवरून राइड कुठे कुठे जाऊन पोचली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते दुरुस्तीवाल्याच्या खिशातला फोन वाजला तेव्हा. सायकल-मंडळींच्या सगळ्या फोनवर निरोप गेला होता, की काकांनी राइड पूर्ण केली.

एक अंगठा आला. दुसरा आला. सवयीने, न बघता, चौघांनी अंगठे पाठवले. मग एकाएकी काहीच येईना. बहुतेक चारही घरांत चार म्हातारे फोन हातात धरून बसले असणार. तेवढ्यात एक लांब निरोप आला. तो वाचून दुरुस्तीवाल्याचा चेहरा उतरला.

"रेल्वेतले गार्डकाका. तीन महिने झाले, मुलीकडे गेलेत परगावी. त्यांना कळवायचं राहिलं वाटतं."

"काय म्हणतात?"

तो वाचू लागला. "'अरे, दोन महिन्यांनी उगवलास. आणि तास बघ किती, स्पीड बघ केवढा. गोगलगाय पुढे जाईल. तब्येत बरी आहे ना?'" त्याने फोन खाली केला. "काय लिहू, काकू?"

खरं काय ते लिहायलाच हवं होतं. पण परक्या गावात, मुलीच्या घरी एकट्या बसलेल्या माणसाला हे फोनवरच्या अक्षरांतून कळावं, हे तिला पटेना. संध्याकाळी ती स्वतः फोन लावून बोलणार होती. तिला ते काम येत होतं.

"लिहा," ती म्हणाली, "आज बायको बरोबर होती. चालत होती."

त्याने काकांच्या खात्यातून तसंच लिहिलं. उत्तर लगेच आलं. तो वाचेना, म्हणून तिनेच फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि वाचलं.

'असं होय. मग बरोबर आहे. वहिनींना माझा नमस्कार सांग.'

तिने फोन परत दिला आणि पदराने डोळे पुसले.

"पोचला म्हणून लिहा," ती म्हणाली.